सोडून येणार नाही

त्या दिवशी भर दुपारी नळाला पाणी आलं. आमच्या भागात पाणी चार-पाच दिवसांनी येतं, आणि आलं की माणूस हातातलं काम टाकून धावतो. मी शाळेचे गणवेश शिवते. मीही मशीनवरून उठले, अंगणातल्या टाकीत पाईप सोडला आणि फाटकाची कडी लावायची विसरले. चूक माझी होती. हे आधीच सांगते, कारण पुढे दोन महिने लोकांनी ती चूक माझ्या कुत्रीच्या माथी मारली.

कुत्री एवढीशी, साडेचार किलोची, पांढरी, झुबकेदार शेपटीची. नणंद पुण्याला राहायला गेली तेव्हा 'पंधरा दिवस सांभाळ' म्हणून ठेवून गेली होती. त्याला तीन वर्षं झाली. कुत्रीचं नसबंदीचं ऑपरेशन करून घ्यायचं असं दरवेळी ठरायचं आणि शाळा उघडायच्या घाईत राहून जायचं. आता ती माजावर होती.

गल्लीच्या टोकाला आरडाओरडा ऐकू आला म्हणून धावले, तर ती आणि गल्लीतला तांबडा कुत्रा एकमेकांना पाठ लावून अडकलेले. भोवती पाच-सहा माणसं. एकाच्या हातात बादली, एकाच्या हातात काठी. आमच्याच सोसायटीचे अध्यक्ष, वरच्या मजल्यावरचे काका, ओरडत होते, "ओढा! ओढून वेगळं करा! बायकामाणसं बघतायत."

अशा वेळी ओढलं तर कुत्रीला आतून इजा होते, एवढं मला माहीत होतं. मी काठी धरली.

"कुणी हात लावायचा नाही. थोड्या वेळानं आपोआप सुटतील."

"वहिनी, काही लाज? घरात जा तुम्ही."

"ज्याला लाज वाटते त्यानं घरात जावं. मी इथंच थांबणार."

आणि थांबले. मार्चमधलं सोलापूरचं ऊन, पायात चप्पल नाही, डांबर भाजत होतं. ती लटलट कापत होती. मी उकिडवी बसले, तिचं डोकं हातात धरलं आणि पदराची सावली केली. खिडक्या एकेक करून लागल्या. एकजण हसत मोबाईलवर शूटिंग करायला लागला. मी त्याच्याकडे सरळ बघितलं. म्हटलं, "काढ. माझा चेहरा नीट येऊ दे." त्यानं मोबाईल खिशात घातला. वीसेक मिनिटांनी दोघं सुटले. तिला उचलून मी गल्लीच्या मधोमध चालत घरी आले.

जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टरीण बाई आहेत, माझ्याहून लहान, पण बोलायला रोखठोक. त्या म्हणाल्या, "नर मोठा, ही लहान. पिल्लं मोठी झाली तर अडेल. इंजेक्शन देऊन पाडायच्या भानगडीत मी पडणार नाही, गर्भाशयात पू होतो कधीकधी. महिनाभरानं सोनोग्राफी करू. गाभण असेल तर ऑपरेशन करून गर्भाशयच काढून टाकू."

मी लगेच हो म्हटलं. मला पिल्लं नको होती. काही लोकांना हे ऐकून वाईट वाटतं, वाटू दे. मला माझी कुत्री जिवंत हवी होती.

सोनोग्राफीत तीन पिल्लं दिसली. ही बातमी सोसायटीत कशी पसरली कोण जाणे. काका अंगणात आले आणि अगदी मायेनं म्हणाले, "वहिनी, एवढा त्रास कशाला? चिंचोळी एमआयडीसीत तुमचे मिस्टर रोज कामाला जातातच. जाता जाता तिला तिकडं सोडून द्यायचं. कामगारांचे डबे असतात, पोट भरेल."

"सोडून येणार नाही. ऑपरेशन करणार आहे."

"अरेरे! पोटातली पिल्लं मारणार? पाप आहे हो ते."

जिवंत कुत्रीला रस्त्यावर टाकणं पाप नाही, आणि तिला वाचवणं पाप. मी त्यांना एवढंच विचारलं, "काका, तुमचं पाप मोजायचं माप कुठल्या दुकानात मिळतं?" त्यानंतर ते माझ्याशी बोलले नाहीत. निदान काही दिवस शांतता मिळाली.

पण ऑपरेशन झालंच नाही. आधी रक्त तपासलं तर तिला गोचीड ताप निघाला. रक्त इतकं उतरलं होतं की भूल दिली तर ती टेबलावरच जाईल, असं डॉक्टरीण बाई म्हणाल्या. आधी ताप, मग बाकीचं. तीन आठवडे मी तिला गुळाच्या खड्यात गोळी लपवून दिली आणि उकडलेली कलेजी भरवली. रक्त वाढलं तोवर सातवा आठवडा लागला होता. पोटावर हात ठेवला की आत हालचाल लागायची.

"आता ऑपरेशनची वेळ गेली. वाट बघू," डॉक्टरीण बाई म्हणाल्या. "अडली तर तासभरही थांबू नका, सरळ घेऊन या."

मी माळशिरसला फोन लावला. सासूबाईंना मी आत्या म्हणते. त्यांचा जन्म शेळ्यामेंढ्यांत गेला. कुत्रं पलंगावर झोपतं हे त्यांना मुळीच पटत नाही. दुसऱ्या दिवशी त्या हजर. आल्या आल्या तिला आडवं करून पोट चाचपलं आणि म्हणाल्या, "पोट लई उतरलंय खाली. आणि तू काय तोंड वाळवून बसलीस? जनावर व्यातंच की. त्यात काय नवल?"

त्याच आठवड्यात गच्चीवर सोसायटीची मीटिंग लागली. विषय एकच, आमची कुत्री. काकांनी वाचून दाखवलं की पिल्लं व्हायच्या आत तिला बाहेर काढावं.

मी उठले. "कुत्रं पाळायचं नाही असं आपल्या नियमात कुठं लिहिलंय ते दाखवा."

कागद उलटेपालटे झाले. तसं कुठंच नव्हतं. "नसेल तर करू नियम," काका म्हणाले.

"करा. पण तो कायद्यात बसतो का, तेही विचारून या. माझं म्हणणं लिहून घ्या, मी सही करते."

मागून एक बाई पुटपुटल्या, "एवढी चांगली जात, आणि गेली कुणाकडं, तर त्या उकिरड्यावरच्याकडं."

हे ऐकून मात्र माझ्या डोक्यात तिडीक गेली. ही भाषा मी पूर्वीही ऐकली होती, कुत्रीबद्दल नव्हे, माणसांच्या पोरींबद्दल. म्हटलं, "ताई, ती कुत्री आहे. तिला पत्रिका जुळवायची नव्हती. आणि आपण तिची जात काढायला बसलोय, हे आपल्यालाच शोभत नाही."

माझे यजमान चारचौघांत तोंड उघडत नाहीत. ते त्या दिवशी उठले, "पिल्लं आमच्या घरात होतील. घर आमचं आहे," एवढं बोलले आणि बसले. लग्नाला बावीस वर्षं झाली, पण ते मला त्या संध्याकाळी जेवढे आवडले तेवढे क्वचितच.

मे महिन्यात, एका सकाळी, ते पहिल्या शिफ्टला गेल्यावर ती गणवेशाच्या चिंध्या ओरबाडायला लागली. नऊ वाजता कळा सुरू झाल्या. दहा वाजले तरी काही नाही. हिरवट पाणी गेलं. मी आत्यांकडे बघितलं. त्यांनी हात धुतले होते, बाह्या वर केल्या होत्या. मला वाटलं, आता ह्या सोडवतील. त्या तिच्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "शेळी असती तर हात घातला असता. ही मुठीएवढी. हितं माझा हात चालायचा न्हाय. ऊठ, डाक्टरनीकडं चल."

आयुष्यभर जनावरं सोडवलेली बाई, पण आपलं ज्ञान कुठं संपतं हे तिला पक्कं ठाऊक होतं.

रिक्षावाल्याला मी आधीच सांगितलं, सीट खराब होईल. तो म्हणाला, "धो लेंगे ना, तुम बैठो जल्दी." त्यानं खड्डे चुकवत, पण एकदाही ब्रेक न दाबता आम्हाला पोचवलं.

पहिलं पिल्लू डोक्यानं मोठं होतं, वाटेत अडकून गेलं होतं. पोट उघडून बाकीची दोन काढली. डॉक्टरीण बाईंनी एक मदतनीस बाईंकडे दिलं आणि दुसरं दारात उभ्या आत्यांच्या टॉवेलात टाकलं, "आजी, चोळा." आत्या चोळत राहिल्या, नाकातलं पाणी पुसत राहिल्या, आणि त्याला शिव्या देत राहिल्या. "रड की मुडद्या! रड!" कितीतरी वेळानं ते चिरकलं. तसा त्यांनी पदर डोळ्याला लावला आणि मी बघतेय हे दिसल्यावर म्हणाल्या, "घाम आलाय, बघतीस काय?"

त्याच ऑपरेशनमध्ये गर्भाशय काढलं. ती शुद्धीवर आली तेव्हा दोन्ही पिल्लं तिच्या पोटाशी लावली. जीभ जड होती, तरी चाटायला लागली. गेलेलं पिल्लू आम्ही घरी आणलं आणि अंगणात पुरलं. काका वरून बघत होते. मी खड्डा नीट बुजवला, माती थापटली, आणि मगच वर बघितलं.

दोन महिने अंगणात धुमाकूळ होता. तक्रारीची दोन पत्रं आली. दोन्हींना मी लेखी उत्तर दिलं, पोच घेतली. काळं पिल्लू आमच्याकडे राहिलं. तांबडं आत्या घेऊन निघाल्या, शेळ्यांमागं फिरायला. मी त्यांना बसस्टँडवर सोडायला गेले. कापडी पिशवी मांडीवर घेऊन त्या खिडकीशी बसल्या.

कंडक्टर आला. "आजी, पिशवीत काय हाय?"

"नातू."

"कुत्रं हाय ते. उतरवा."

"का? तुमच्या मांडीवर बसलंय व्हय? मी धरलंय, मी सांभाळीन. ह्याच्या आईला बी असंच उतरवा म्हणत हुते लोक. उतरवली न्हाय आमी."

सगळी बस हसली. कंडक्टरनं मान हलवली आणि घंटी मारली. बस निघाली. पिशवीतून तांबडं तोंड बाहेर आलं होतं, आणि आत्यांनी ते आत दाबलं नाही.