पत्रा उचलणारं बोट

माझे अप्पा तंजावुरी तबकं करतात. ठशावर चांदीचा पातळ पत्रा ठेवायचा, त्यावर शिशाचा तुकडा, आणि वरून हातोडी. मऊ शिसं पत्र्याला ठशाच्या कानाकोपऱ्यात बसवतं आणि मोर, हत्ती, देव उठून येतात. पत्रा इतका हलका की चिमटीत येत नाही. म्हणून अप्पा बोट जिभेला लावून तो उचलतात. आजोबाही तसाच उचलत. लहानपणी मीही उचलून दाखवायची.

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. दुसऱ्या वर्षी मॅडमनी पडद्यावर एक प्रोटीन दाखवलं. रक्ताचा लाल घटक तयार व्हायला ते लागतं. त्याच्या घडीत एक छोटी जागा जस्तासाठी असते. शिसं पोटात गेलं की ती जागा बळकावतं, आणि प्रोटीनचं काम थांबतं. मी वहीत उतरवून घेतलं खरं, पण डोळ्यांसमोर अप्पांचं बोट होतं. गेलं वर्षभर ते दुपारनंतर थकून भिंतीला टेकून बसत. "वय झालं गे," म्हणत.

घरी येऊन मी मोबाइलवर तेच चित्र दाखवलं आणि वर्गात बोलावं तशी बोलत सुटले. विष हा शब्द मी दोनदा वापरला असेन. अप्पांनी हातोडी खाली ठेवली.

"याच कामावर तू शिकतेस. आता कॉलेजात जाऊन याला विष म्हणायला शिकलीस?"

मी मोबाइल बंद करून आत गेले. त्यांचं दुखणं राहिलं बाजूला, मी त्यांचा मानच दुखावला, असं वाटून मला झोप नीट लागली नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या शेजारी बसले. पत्रा ठेवण्याआधी त्यांनी ठसा मऊ ब्रशने झाडला, फुंकला, पुन्हा उजेडात धरून पाहिला.

"एवढं कशाला?" मी विचारलं.

"कण राहिला तर मोराची मान मोडते. मग वरून किती ठोका, सुधारत नाही."

मी भीत भीत म्हटलं, "अप्पा, रक्तातही असाच बारीक खळगा आहे. शिसं तिथे कणासारखं अडकतं. काम वाईट नाही. शिसं लागलेलं बोट तोंडात जातं, तेवढंच वाईट."

त्यांनी आपलं बोट उजेडात धरून पाहिलं. आई आतून म्हणाली, "बँकेतला तो नोटा मोजणारा ओला स्पंज ठेवतो की! तुम्हाला तेवढं सुचू नये?"

"सेरी, सेरी, बरं बाई," अप्पा म्हणाले, "आता तूही कॉलेजात जा."

पण स्पंज आला. रक्त तपासायला तयार व्हायला मात्र त्यांना आठवडा लागला. शिसं मर्यादेपेक्षा जास्त निघालं. डॉक्टर म्हणाले, औषध नको, आधी पोटात जाणं थांबवा. कामाच्या जागी जेवू नका, हात साबणाने धुवा, काही महिन्यांनी पुन्हा तपासू. मी चुकीची ठरले असते तर जास्त बरं वाटलं असतं.

सवय लगेच गेली नाही. बोट अर्ध्या वाटेवर जायचं, आई खाकरायची, अप्पा "कळलं, कळलं" म्हणत ते स्पंजावर टेकवायचे.

गेल्या आठवड्यात दुसरा रिपोर्ट आला. आकडा खाली उतरला होता. अप्पांनी तो मला दोनदा वाचायला लावला.

"अजून उतरेल?"

"सावकाश उतरेल, अप्पा."

"आणि त्या खळग्यात पुन्हा जस्त बसेल?"

मला पूर्ण खात्री नव्हती. मी म्हटलं, "शरीर नवी प्रोटीनं करत असतं. मॅडमना विचारून सांगते."

"विचार," ते म्हणाले, आणि हात धुवायला मागच्या नळावर गेले. पाणी वाहतच राहिलं. शेवटी आई ओरडली, "भात निवला! अभिषेक पुरे!"