पायाळू रंगुबाई

रंगुबाई पायाळू होती. आईच्या पोटातून पायांनी आली, म्हणून तिच्या पायाला गुण! पाटसच्या आसपास कुणाच्या पाठीत उसण भरली, की तो तिच्या अंगणात पालथा पडायचा आणि ती त्याच्या कमरेत लाथ घालायची. मीही दोनदा खाल्ली आहे. पाठ बरी झाली की नाही ते सोडा, पण एवढ्या रुबाबात लाथ मारणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

चौऱ्याहत्तर साली तिच्या सुनेला, गिताबाईला, कळा सुरू झाल्या. पोट एवढं मोठं, की सुईणच म्हणाली, जुळं दिसतंय, दौंडला न्या. बैलगाडी माझी, त्यामुळे दवाखान्यात मीही होतो. डॉक्टरीणबाईंनी पोटाचा फोटो काढला आणि रंगुबाईला व तिच्या मुलाला, मल्हारीला, खाटेजवळ बोलावलं.

"जुळं आहे म्हणून दर वेळी पोट चिरावं लागतं असं नाही. पण इथं पहिल्याचे पाय खाली आहेत आणि दुसऱ्याचं डोकं. येताना दोघांच्या हनुवट्या अडकल्या तर पहिलं बाळ हाती लागायचं नाही. आईच्याही जिवाला धोका. ऑपरेशन केलेलं बरं."

रंगुबाईने त्यातलं एकच ऐकलं, पाय! तिचा चेहरा असा उजळला, की मला चीड आली.

"पायाळू हाय रं, मल्हारी! पोट फाडून काढल्यावर कसलं पायाळू? येऊ द्या आपसूक. मी न्हाई का आले?"

मल्हारी उसाच्या मोळ्या लीलया उचलणारा गडी, पण आईपुढे त्याची मान वर होत नसे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काय ते लवकर ठरवा.

गिताबाईने कळ ओसरू दिली आणि सासूचा हात धरला.

"आत्याबाई, तुमची आय दिसायला कशी व्हती?"

रंगुबाईने आईला पाहिलंच नव्हतं. ती जन्मली त्याच दिवशी आई गेली होती. साऱ्या वस्तीला हे ठाऊक, पण पायांच्या कौतुकात त्या बाईचं नाव कुणी काढत नसे.

ती खाटेच्या कडेला बसली आणि तोंडाला पदर लावून हमसून हमसून रडली. मग उठली ती मल्हारीवरच खेकसली.

"मुडद्या, उभा काय ऱ्हायलास? सांग बाईस्नी, करा म्हणावं आपरेशन!"

दिवस मावळायच्या आत दोन मुली झाल्या. अंगाने किडकिडीत, पण आवाज खणखणीत. गिताबाईला नंतर ताप भरला, टाके दुखले, पण ती त्यातून उठली. त्या दिवशी मी रंगुबाईवर पहिल्यांदा मनापासून खूश झालो.

बारशाला आळीतल्या बाया पाळण्याभोवती जमल्या. एकीने विचारलंच, "रंगुबाई, यातली पायाळू कंची वं?"

रंगुबाईने रडणारी नात उचलून गिताबाईच्या मांडीवर दिली.

"कुणीच न्हाई," ती म्हणाली. "दोघींला बी आय हाय."