लाल सोन्याची बाटली

दृष्ट काढण्यात टाकवे बुद्रुकमध्ये बयाबाईचा हात धरणारं कुणी नव्हतं. बाळंतीण असो, दुभती म्हैस असो, नाहीतर कुणाचा नवा टेम्पो असो, मीठ-मोहऱ्या मुठीत घेऊन बयाबाई हजर. एकदा तर तिने ग्रामपंचायतीच्या नव्या पाण्याच्या टाकीचीही दृष्ट काढली होती, आणि सरपंच मुकाट्याने बाजूला उभे राहिले होते. गाव तिला हसायचं आणि गरज पडली की तिच्याच दारात यायचं.

तिला जवळ येऊ दिलं नाही ते फक्त तिच्या लेकीने. सारिका वराळ्याजवळच्या एका कॉलेजात संशोधन करत होती. संशोधन कसलं, तर सोन्याचा पत्रा पाण्यात बुडवायचा आणि त्यावर लेझरचा झोत सोडायचा. त्या माऱ्याने सोन्याचे इतके बारीक कण उडतात की साध्या सूक्ष्मदर्शकालाही ते दिसत नाहीत, आणि ते पाण्यात तरंगत राहिले की पाणी पिवळं नाही, लाल होतं. एकदा तिने आईला तिथे नेलं, डोळ्यांवर जाड चष्मा चढवला आणि हे सगळं दाखवलं. फुटाणे फुटावेत तसा तडतड आवाज येत होता, आणि बघता बघता पाण्यात कोकमाची लाली उतरली. बयाबाईने तोंडात बोट घातलं. सोनं लाल कसं होतं, हे ती परतीच्या वाटेवर विचारत राहिली आणि घरी आल्यावर अख्ख्या आळीला सांगत सुटली.

अशा पोरीला नजर लागणार नाही तर कुणाला? पण आईने मूठ पुढे केली की सारिका हसत स्कूटर चालू करायची. उशीर होतोय, म्हणायची. गेल्या माघात एका सकाळी तसंच झालं. बयाबाई मूठ घेऊन अंगणात उभी राहिली, सारिका निघून गेली, आणि वराळ्याच्या वळणावर एका डंपरने तिला उडवलं.

बयाबाईने हाय खाल्ली. लोक डंपरवाल्याला शिव्या देत होते, ती स्वतःच्या हाताला देत होती. नवरा हौशीराम तिला समजावून थकला आणि शेवटी भातखाचरात जाऊन एकटाच रडू लागला.

पुढे सारिकाबरोबर काम करणारा, तळेगावचा गंधार घरी आला. शेवटच्या आठवड्यात सारिकाने केलेल्या पाण्याची छोटी काचेची बाटली त्याने आणली होती. झाकण लावून सावलीत ठेवा, पुष्कळ दिवस अशीच लाल राहील, एवढं सांगून तो गेला. मिठापासून जपा, हे सांगायचं त्याच्या ध्यानातही आलं नाही. भिंतीतल्या देवळीत ठेवलेल्या बाटलीत मीठ कोण घालणार?

रोज सकाळी बयाबाई ती बाटली पदराने पुसायची, उजेडाकडे धरायची, आणि मगच तिला दोन घास जायचे. आळीतल्या बायका बघायला यायच्या, नवल करायच्या, हातात घेऊन फिरवायच्या. इतक्या नजरा! बयाबाईच्या जिवाला पुन्हा घोर लागला. एकदा ती चुकली होती. आता चुकायचं नव्हतं.

अवसेच्या दिवशी, दिवेलागणीला, तिने मीठ-मोहऱ्या मुठीत घेतल्या. तोंड झाकलेलं असलं की दृष्ट उतरत नाही, असा तिचा आजवरचा नेम. म्हणून तिने बाटलीचं झाकण काढलं. मूठ तिने बाटलीच्या अगदी तोंडावरून फिरवली. ओवाळताना खड्याच्या मिठाचे दाणे आत पडले, ते तिला कळलंही नाही. मूठ चुलीत टाकून ती मागे वळली, तोवर पाणी जांभळं पडलं होतं. मग निळसर झालं, मग राखेसारखं. सकाळी तळाशी काळा गाळ होता आणि वर नुसतं पाणी.

हौशीरामने फोन करून गंधारला बोलावून घेतलं. बाटली त्याने उजेडाकडे धरून हलवून बघितली. कण सुटे असतात तोवर लाल दिसतात, मीठ पडलं की एकमेकांना चिकटून खाली बसतात, मग कितीही हलवलं तरी सुटे होत नाहीत, हे त्याने जमेल तितकं सोपं करून सांगितलं. सोनं कुठे गेलेलं नाही, असंही म्हणाला, जणू त्या बाईला सोनंच हवं होतं. मग धीर करून तो म्हणाला, "मावशी, मी दुसरी करून आणतो. पत्रा तोच आहे, लेझरही तोच."

बयाबाईने मान हलवली. "ती तुजी आसंल, बाबा. ही लाल व्हती तवर मला वाटायचं, तिचं काम आजून चाललंय."

तिने बाटली पदराने पुसली आणि परत देवळीत ठेवली. रडली नाही. मग खरोखर उत्तर हवं असल्यासारखं तिने गंधारला विचारलं, "काडली न्हाई तवा पोरगी गेली. काडली तवा ही बी गेली. मग मी करायचं तरी काय व्हतं, सांग की?"

गंधार समोर बसला होता, हौशीराम दारात उभा होता. हौशीराम आत आला आणि तिच्या शेजारी बसला.