मामांच्या खोलीतला वास

स्टुलावर चढून मी एसीचं पुढचं झाकण उघडलं, तेव्हा खाली उभ्या असलेल्या सूनबाईंनी ओढणी नाकाशी धरली.

"मनावर घेऊ नका," त्या हळूच म्हणाल्या. "मामांच्या खोलीत असा वास असतोच." आणि बाहेर गेल्या.

मामा म्हणजे त्यांचे सासरे. वैजापूरकडच्या खेड्यात त्यांनी जन्मभर शेळ्या राखल्या. बायको गेल्यावर मुलानं त्यांना सिडकोतल्या नव्या बंगल्यात आणलं. छताला सोनेरी पट्ट्यांचं पीओपी, मधोमध झुंबर, आणि पलंगाच्या कडेवर म्हातारबाबा पाहुण्यासारखे बसलेले. पायाशी भरलेली पिशवी.

"गावी निघालात, बाबा?"

"व्हय. उद्याच्या यष्टीनं. हितं आपलं जमंना."

मला बोलावलं होतं ते कूलिंग कमी झालं म्हणून. वासाची तक्रार कुणी केलीच नव्हती. घरातल्या माणसाची तक्रार एसीवाल्याकडे कोण करणार?

फिल्टर काढले. आतल्या ब्लोअरवर, म्हणजे गार हवा बाहेर ढकलणाऱ्या लांबट पंख्यावर, काळ्या बुरशीचा थर होता. एसी चालताना आतल्या गार कॉइलवर पाणी सुटतं. ते खालच्या ट्रेमध्ये पडून ड्रेन पाइपनं बाहेर जातं. इथं इंटिरिअरवाल्यानं पाइप दिसू नये म्हणून तो पीओपीच्या आडून थोडा वर उचलून नेला होता. पाणी चढ चढत नाही, ही बाब डिझाइनमध्ये बसली नसावी. ते ट्रेमध्येच साचून कुजत होतं.

"बाबा, एसी लावल्यावर वास वाढतो का?"

"रातीला लई येतो. दोनदा आंघुळ करतो मी. कापडं बी नवी घेतली. म्हणलं, शेळ्यांचा वास हाडात शिरला आसंल."

"वास तुमचा नाही. मशिनचा आहे. आत बुरशी धरलीय."

मी ब्लोअर काढून खाली आणला. त्यांनी वाकून स्वतः हुंगला. मग म्हणाले, "सायेब, येवढं हालमधी जाऊन सांगता का? जरा मोठ्यानं."

घाण झालेले पार्ट मी कुणाच्या हॉलमध्ये नेत नाही. त्या दिवशी ब्लोअर पांढऱ्या सोफ्यावर बसलेल्या मुलासुनेसमोर नेला आणि सगळं सांगितलं. मोठ्यानं. सूनबाई ब्लोअरकडे बघत राहिल्या. मग त्यांनी मान खाली घातली.

मुलगा गडबडला. "पण अण्णा, आम्ही तुम्हाला कधी काही म्हणालो का?"

"नाय म्हणला," दारात उभे राहून म्हातारबाबा म्हणाले. "म्हणला आसता तर भांडलो तरी आसतो."

सूनबाई उठल्या आणि म्हणाल्या, "मामा, उद्या नका जाऊ." एवढंच.

मी जेट पंपानं कॉइल आणि ब्लोअर धुतला. पाइपला उतार देण्यासाठी सोनेरी पट्टी फोडावी लागली. मुलानं तोंड वाकडं केलं, पण अडवलं नाही. पाइप आता सगळ्यांना दिसतो. म्हातारबाबा दिवाळीपर्यंत राहायला कबूल झाले; पुढचं पुढं बघू म्हणाले.

एसी बंद करण्याआधी थोडा वेळ नुसता फॅन चालवावा. कॉइल वाळते, बुरशी धरत नाही. तरीही घरात वास आलाच, तर आधी मशिनवर संशय घ्या. तो खोटा ठरला तरी मशिनला वाईट वाटत नाही.