पुतळ्याची दोन बोटं

मला जन्मापासून ऐकू येत नाही. लॉकडाऊनमध्ये मूर्तींची कामं बंद पडली, तेव्हा कलाकारांसाठीच्या सरकारी मदत योजनेतून मला दिघीजवळच्या एका चौकासाठी कामगाराचा पुतळा करायला मिळाला. नमुना म्हणून मी शेजाऱ्यालाच उभं केलं. तो लातूरकडचा, चाकणच्या एका कारखान्यात प्रेस मशिनवर होता. त्या मशिनने त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं नेली होती. माझ्याशी बोलता यावं म्हणून तो खुणा शिकला होता. तीन बोटांनी केलेल्या त्या खुणा जरा बोबड्या असायच्या, पण मला कळायच्या.

पुतळ्याचा वर उचललेला उजवा हात मी तसाच केला, तीन बोटांचा. माझे सगळ्यात जास्त दिवस त्या हातावर गेले.

उद्घाटनाच्या सकाळी बायकोबरोबर चौकात पोहोचलो. वर पाहिलं. हाताला पाच बोटं होती! दोन नवी, जाडजूड, सिमेंटची, वर घाईने रंग फासलेला.

बायकोने तिथल्या साहेबांना जाब विचारला आणि त्यांचं बोलणं मला खुणांनी सांगितलं. "हात तुटका दिसत होता, म्हणून गवंड्याकडून नीट करून घेतला. यांना ऐकू येत नाही, कळवणार कसं?"

"वाचता येतं की त्यांना!" ती म्हणाली, मला दिसावं म्हणून हातांनीही. साहेब फीत आणायला सांगायला वळले.

मी पिशवीत नेहमी असणारी छिन्नी-हातोडी काढली आणि हार घालायला लावलेल्या शिडीवर चढलो. तेवढ्यात खालून कुणीतरी पाय धरला. शेजारीच होता, इस्त्रीच्या शर्टात.

"राहू द्या," त्याने खुणेने सांगितलं. "फोटो गावाकडं जाणार हाय. बोटं गेलेली आईला माहीत न्हाई."

मी हातोडी काखेत धरली. मग आधी का नाही बोललास, मी खुणेने विचारलं.

"तुम्ही इतक्या हौसेनं करत होता."

इतके दिवस तो माझ्यासमोर हात उचलून उभा होता, आणि चालेल का, असं मी त्याला एकदाही विचारलं नव्हतं. साहेबांवर चिडायचं तोंड मला उरलं नाही. मी खाली उतरलो.

फीत कापून झाल्यावर तो पुतळ्याखाली उभा राहिला, आपला उजवा हात पाठीमागे धरून. फोटो माझ्या बायकोने काढला.

दिवाळीला गावी गेल्यावर त्याने आईला सगळं सांगितलं. ती दोन दिवस जेवली नाही, एवढंच त्याने मला कळवलं. सिमेंटची बोटं अजून तशीच आहेत. आता काढू का, हे त्याला विचारायचं माझ्याच्याने झालेलं नाही.