ताळा राहिलेलं गणित

शालिनीनं, म्हणजे माझ्या बायकोनं, शेवटचं काम माझ्याकडनं करून घेतलं ते फळ्यावर गणित लिहायचं. तिचा खांदा आखडलेला. ती खुर्चीतनं सांगायची, मी तिनंच शिकवलेली अक्षरं-चिन्हं उतरवायचो. मी चौथी नापास, चौकात गॅरेज होतं माझं. ती लग्नानंतर शिकली, गणिताची बाई झाली. रिटायर झाल्यावर कर्जतच्या कॉलेजातल्या इंजिनियरिंगच्या पोरी घरी शिकायला यायच्या.

भूतबित मी कधी मानलं नाय. आजपण मानत नाय. तरी लिहितोय... कारण डोकं फिरायची पाळी आली हाय.

त्या दिवशी पार्शल डिफरन्शियल इक्वेशन होतं. तिनं एकदा सांगितलेलं — "अहो, चुलीत पळी धरली, तर दांडा किती तापला हे लांबीवर पण असतं आणि वेळेवर पण. दोन्हीकडनं कसं बदलतं ते माहीत असलं, की मूळ काय ते शोधायचं." मला पळी कळली. बाकी नाय.

शेवटची ओळ आली. z बरोबर e चा x घात, गुणिले f, पुढं कंस. तेवढ्यात दूध वर आलं. ती सांगत होती तो कंस मी घाईनं पुरा केला नि धावलो.

"दुधाला पळता, गणिताला नाही!" ती हसली.

परत आलो तर खाली 'ताळा' एवढंच लिहायला लावलं. उत्तर मूळ इक्वेशनात घालून जुळल्याशिवाय ती गणित झालं म्हणायची नाय. "ताळा उद्या पोरींकडनं करून घेऊ," म्हणाली.

संध्याकाळी तिच्या छातीत कळ आली, त्यातच ती गेली.

फळा मी कुणाला पुसू दिला नाय. तेराव्यानंतर त्या पोरींतली लोधिवलीची मनाली आली, ताळा करायला बसली. तीनदा केला.

"आजोबा, राग नका मानू... जुळत नाय. जास्तीचं काहीतरी उरतं. मॅडमचं चुकलंय."

"तुझी मॅडम चुकत नव्हती!"

"मग तुमी चुकीचं उतरवलंत."

"मला काय ठाऊक गं! जा घरी, बघ कुठं चुकलंय ते!"

पोरगी गेली. मी कडी लावली नि त्या खुर्चीवर ओरडलो — "सांग की! तू चुकलीस का मी?" आयुष्यभर बरोबर असणारी बाई, तिच्या नावावर शेवटी चुकलेलं गणित? आन मला त्यातलं काय कळतपण नाय!

मोरीत जाऊन तोंड धुतलं. परत आलो... तर कंसातल्या अधिकच्या चिन्हाची उभी रेघ गायब. आडवी तशीच. बाजूच्या अक्षरांना धक्का नाय. कडी आतनं, खिडक्या बंद.

मनालीला फोन करून बोलावली. तिनं ताळा केला.

"जुळलं! इथं वजाच पायजे होतं. तुमाला कुणी सांगितलं?"

मी चहा टाकायला आत गेलो.

म्हणजे चूक माझी होती. तिची नव्हती, बरं झालं. पण राग जात नाय. आलीस, एक रेघ पुसलीस... माझ्याशी एक शब्द नाय?

वारा अशी एकच रेघ पुसत नाय. माझ्याच हातनं झालं म्हणावं, तर कुठली पुसायची ते मला कुठं ठाऊक होतं? लई डोकं खाजवलं. नाय कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी खडू घेतला नि ती उभी रेघ परत मारली. मुद्दाम. मग दूध गॅसवर ठेवलं, फळ्याकडं पाठ करून उभा राहिलो.

दूध उतू गेलं, तरी मागं बघितलं नाय.