धनी येईपर्यंत

दाखलेकाका गोष्ट कधी पुरी सांगत नसत. ऐन रंगात आली की थांबत, चष्मा काढून मांडीवर ठेवत आणि समोरच्याला विचारत, "यातला तू कोण?" जो तो स्वतःला गोष्टीतला भला माणूस म्हणवून घेई. काका हसत. "सगळेच भले, मग प्रभूने ही सांगितली कुणासाठी?"

येशूच्या दृष्टांतांना आम्हा मराठी ख्रिस्ती घरांत दाखले म्हणतात, त्यावरून हे नाव पडलं. नगरकडच्या शाळेत मराठी शिकवून ते निवृत्त झाले होते. काकू गेल्यावर त्यांच्या एकुलत्या मुलीने, निर्मलाने, त्यांना अमेरिकेत, मॉरिसव्हिलला आणलं. आमची मंडळी, म्हणजे आमचं चर्च, लहान होती. रविवारी एका शाळेचा हॉल भाड्याने घेऊन उपासना व्हायची आणि शुक्रवारी संध्याकाळी आमच्या कॉम्प्लेक्सच्या क्लबहाउसमध्ये काकांचा वर्ग. मी आणि माझा नवरा पुण्याहून नवे आलेलो, ओळख कुणाची नाही. त्या वर्गाने आम्हाला माणसं दिली.

त्यांच्या बोलण्यात धाक नव्हता. आमची मुलं इंग्रजीत प्रश्न विचारत, ते मराठीत उत्तर देत आणि दोघांचं बरं चाले. एकाने विचारलं, "हाउ डू यू नो यू आर राइट?" काका म्हणाले, "नाही ना माहीत. म्हणून तर परत परत वाचतो." कुणी पाया पडायला वाकलं तर ते त्याला खांद्याला धरून उभं करत. "मी वाढपी आहे रे, यजमान नाही."

सुनीता त्याच वर्गात यायची. नवरा मारायचा. एका शुक्रवारी ती सुजलेला ओठ घेऊन आली आणि परत घरी गेलीच नाही, आमच्याकडे राहिली. रविवारी पास्टर आणि मंडळीतले दोन पुढारी आमच्या दिवाणखान्यात येऊन बसले. त्यातले एक म्हणजे निर्मलाचा नवरा, अजित. पास्टरांनी विश्वासू दासाचा दाखला काढला. धनी परगावी जाताना एका दासावर घर सोपवतो. तो दास म्हणजे मंडळीचे पुढारी, असं त्यांनी समजावलं. त्यांचं ऐकणं म्हणजेच धन्याचं ऐकणं, आणि त्यांचं सांगणं होतं की सुनीताने परत जावं.

सुनीताला भेटायला आलेले काका कोपऱ्यात बसले होते. शिकवताना बोलत तितक्याच हळू आवाजात ते बोलले. "पास्टर, हा दाखला प्रश्नाने सुरू होतो. असा विश्वासू दास कोण? उत्तर धनी आल्यावर देणार आहे. आपण आधीच 'मीच तो' म्हणून हात वर करून कसं चालेल? आणि त्या दासाला काम काय दिलंय? घरातल्यांना वेळेवर जेवू घालायचं. पुढे एक वाईट दास येतो, तो बरोबरच्या नोकरांना मारतो. त्या मारणाऱ्याच्या हाती या पोरीला परत द्यायला धन्याने कुणाला नेमलेलं नाही."

तिघं उठून गेले. सुनीता आमच्याकडेच राहिली.

पुढच्या आठवड्यात काकांचा वर्ग बंद झाला. मग उपासनेत जाहीर झालं की त्यांनी अधिकाराविरुद्ध बंड केलं आहे. त्यांनी चूक कबूल करेपर्यंत कुणी त्यांच्याशी बोलू नये, त्यांच्या पंगतीला बसू नये. अजित व्यासपीठावर उभा होता. निर्मला खाली मान घालून बसली होती.

घरातही तसंच सुरू झालं. निर्मला त्यांचं ताट खोलीत नेऊन ठेवायची आणि न बोलता दार ओढून घ्यायची. भाजी त्यांच्या आवडीची असायची. नात एस्तेर जिन्यात भेटली की भिंतीकडे सरकायची. ताकीद मिळूनही आम्ही दोघं त्यांना भेटत राहिलो, तळ्याकाठी फिरायला नेत राहिलो. आमच्याकडे राहायला या, असं मी कितीदा तरी म्हटलं. ते म्हणाले, "मी निघालो तर पोरीला वाटेल, बापानेच तिला टाकलं." वाळत चालले होते. दाखले सांगणं त्यांनी सोडलं होतं. चालताना फक्त एस्तेरची शाळा कशी चाललीय ते मला विचारायचे. त्याच घरात राहून.

थंडीत त्यांना पक्षाघात झाला. हॉस्पिटलमध्ये मी पायथ्याशी बसले होते तेव्हा निर्मला आली. कितीतरी महिन्यांनी ती त्यांच्याशी बोलली. "पप्पा, एकदा चुकलो म्हणा. मला तुमच्याजवळ बसू द्या."

काकांनी तिच्याकडे पाहिलं. जीभ जड झाली होती, तरी शब्द स्पष्ट आला. "बोलव त्यांना."

पास्टर आले, अजित आला. काका म्हणाले की ते चुकले, विश्वासू दास म्हणजे मंडळीचे पुढारीच. पास्टरांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. त्यानंतर निर्मलाने त्यांना पेजेचा चमचा भरवला. ती रडत होती आणि तिच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की मला तिच्यावर राग धरता येईना.

ही बातमी सुनीतापर्यंत त्यांनी लगेच पोचवली. काकांनीसुद्धा मान्य केलं, आता तू कुणाच्या जोरावर अडून बसली आहेस? एका दुपारी तिने बॅग भरली. मी दारात उभी राहून खूप समजावलं. ती एवढंच म्हणाली, "काका चुकले असतील, तर मी कोण?" त्या दिवशी आम्ही दोघांनी मंडळी सोडली.

मी काकांना हे सांगणार नव्हते. त्यांनीच विचारलं, सुनीता कशी आहे? मला खोटं बोलता आलं नाही. ती परत गेल्याचं सांगितलं. मग त्यांनी माझं मनगट धरलं. "तिला सांग, मी खोटं बोललो. निर्मलासाठी बोललो. घर सोडण्यात तिची चूक नव्हती. आजच सांग."

मी पार्किंगमधूनच फोन लावला. सुनीताने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाली, "पास्टर म्हणालेच होते, आजारपणात ते असं काहीतरी बोलतील म्हणून. तुम्ही त्रास करून घेऊ नका, ताई." मागून कुणीतरी तिला हाक मारली आणि फोन बंद झाला.

परत वर जाऊन मी काकांना ते सांगितलं. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. त्यानंतर निर्मलाने भरवलेला घासही ते तोंडातच धरून ठेवायचे, गिळायचे नाहीत.

आठवड्याभरात ते गेले. दफनाच्या वेळी पास्टरांनी आज्ञाधारक सेवक म्हणून त्यांचं कौतुक केलं आणि लोक आमेन म्हणाले. सुनीता नवऱ्याशेजारी उभी होती. सगळं आटपल्यावर मी निर्मलाजवळ गेले, तिचा हात हातात घेणार होते. आम्ही मंडळी सोडली होती, त्यामुळे तिला माझ्याशी बोलायची मोकळीक नव्हती. क्षणभर तिचे ओठ हलले. मग तिने एस्तेरचा दंड धरला आणि माझ्याकडे न पाहता गाडीकडे निघून गेली.